हातोडा नको, स्टड हवा : ट्रॅक्टरच्या क्रँक पुलीतून शिकूया बळ, घर्षण आणि प्रसरण



न्यूटनचे नियम, घर्षण आणि उष्णतेने होणारे प्रसरण हे तिन्ही घटक आपण विज्ञानात वेगवेगळ्या पाठांत शिकतो. परीक्षेतही ते वेगवेगळ्या प्रश्नांत येतात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटत नाही. पण एखाद्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनासमोर बसलात, तर हे तिघेही एकाच वेळी भेटायला येतात. आजचा पाठ असाच आहे. इंजिनाच्या पुढच्या टोकावरची पुली काढल्यानंतर ती पुन्हा कशी बसवायची, एवढाच विषय. काम छोटं दिसतं. पण ते चुकीच्या पद्धतीने केलं तर काय होतं, हे मी नववीत असताना आमच्या घराने अनुभवलं आहे. तेही सांगणार आहे.

पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :

१. घट्ट बसणी म्हणजे काय आणि ती का ठेवतात?
२. हातोड्याचं बळ आणि स्क्रूचं बळ यांत खरा फरक कोणता?
३. गरम केल्यावर पुलीचं भोक किती मोठं होतं, हे गणिताने कसं काढायचं?

आधी ओळख करून घेऊ

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. त्या हालचालीचं गोल फिरण्यात रूपांतर करणारा जाड, वाकडातिकडा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. गावाकडे नुसतं क्रँक म्हणतात. क्रँकचं मागचं टोक फ्लायव्हीलला जोडलेलं असतं. पुढचं टोक टायमिंग कव्हरमधून बाहेर डोकावतं, त्याला नाक म्हणू. या नाकावर बिडाची पुली बसवलेली असते. तिच्यावरून पट्टा जातो आणि तो रेडिएटरचा पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवतो.

पुली नाकावर सैल असून चालत नाही. सैल असेल तर ती थरथरेल, चावीची खाच झिजेल आणि एक दिवस पुली नाकावर मोकळी फिरू लागेल. म्हणून बऱ्याच इंजिनांत पुलीचं भोक नाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. किती लहान? ४० मिलिमीटर व्यासाच्या नाकाला साधारण ०.०१ ते ०.०४ मिलिमीटर. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले एक ते चार. यालाच घट्ट बसणी म्हणतात, वर्कशॉपमध्ये प्रेस फिट.

नाकावर एक खाच असते आणि त्यात अर्धचंद्राच्या आकाराचा पोलादी तुकडा बसतो. ती वुडरफ चावी. तशीच सरळ खाच पुलीच्या भोकात असते. चावीमुळे पुली ठरलेल्या जागीच बसते, म्हणजे पुलीवर टायमिंगची खूण असेल तर ती बरोबर जुळते. शेवटी मोठ्या वायसरसह एक बोल्ट नाकात आवळला जातो. हॅन्डल मारून चालू करायच्या इंजिनांत त्या बोल्टच्या डोक्यालाच हॅन्डल अडकवायचे दात असतात.

पुली आणि टायमिंग कव्हर यांच्यामध्ये रबराचं ऑइल सील असतं. ते झिजलं की इंजिनाचं ऑइल पुढून ठिबकू लागतं. सील बदलायचं तर पुली काढावी लागते. पुलर लावला की पुली येते. खरी परीक्षा परत बसवताना असते.

नववीतला तो मे महिना

आमचं गाव मराठवाड्यातलं. काळी जमीन, पावसावरची शेती. वडील आणि थोरले काका यांच्यात मिळून एक जुना ट्रॅक्टर. मे महिन्याच्या शेवटी त्याचं पुढचं सील गेलं. मृग तोंडावर आला होता. वडिलांनी पुली काढली, सील बदललं आणि पुली परत बसवायला घेतली. ती बोटभर गेली आणि थांबली.

मी कंदील धरून उभा होतो. काका म्हणाले, "ठोक." वडिलांनी पुलीवर लाकडी ठोकळा ठेवला आणि दोन किलोचा घण घातला. दहा-बारा घावांत पुली बसली. सगळ्यांना बरं वाटलं. ट्रॅक्टर चालू झाला, ऑइल ठिबकायचं थांबलं.

जून उजाडला तेव्हा क्लच दाबला की इंजिनातून टक् असा आवाज यायला लागला. मग तो वाढत गेला. शेवटी मिस्त्रींनी इंजिन खोललं. क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चंद्रकोरीसारख्या चकत्या असतात, त्यांना थ्रस्ट वायसर म्हणतात. त्यातली एक तुटली होती आणि तिच्या जागी क्रँकची बाजूच घासली जात होती. क्रँक शहरात पाठवावा लागला. वाफसा आला तेव्हा आमचा ट्रॅक्टर अंगणात अर्धा उघडा होता. पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने, उधारीवर झाली आणि तीही उशिरा. त्या दिवाळीला घरात नवे कपडे आले नाहीत.

चकती त्या घावांनीच तुटली, हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. ती आधीच झिजलेली असू शकते. पण घावांचा धक्का नेमका तिच्यावरच गेला होता, यात शंका नाही. तो कसा, ते आता पाहू.

घणाचं गणित

समजा घण २ किलोचा आहे आणि तो सेकंदाला ४ मीटर वेगाने पुलीवर येतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग.

२ × ४ = ८ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद.

घण थांबायला समजा अर्धा मिलिसेकंद लागला, म्हणजे ०.०००५ सेकंद. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बळ म्हणजे संवेगातला बदल भागिले वेळ.

८ ÷ ०.०००५ = १६,००० न्यूटन.

हे सुमारे १,६०० किलो वजनाइतकं झालं. क्षणभरच, पण दीड टनाहून जास्त. घण थांबायची वेळ मी उदाहरणासाठी धरली आहे. लाकडी ठोकळा मऊ असेल तर वेळ वाढते आणि बळ कमी होतं. तुम्ही वेळ दुप्पट धरून स्वतः करून पाहा.

आता प्रश्न असा की हे बळ जातं कुठे? घण पुलीला मागे ढकलतो. पुली घट्ट असल्यामुळे ती क्रँकला मागे ढकलते. क्रँक मागे सरकू पाहतो, तेव्हा त्याला अडवायला कोण आहे? ती थ्रस्ट वायसर. म्हणजे घण, पुली, क्रँक, चकती, इंजिनाचा ब्लॉक अशी साखळी झाली. त्यात सगळ्यात नाजूक कडी चकतीची. अशा चकत्या रोज सोसतात तो क्लचचा दाब, सावकाश येणारा. घणाचे धक्के सोसायला ती बनवलेली नाही.

शिवाय बीड ठिसूळ असतं. घाव कडेला बसला तर पुलीचा काठ तुटतो. घाव तिरका पडला तर पुली नाकावर वाकडी चढते.

स्टडचं गणित

मागच्या वर्षी त्याच ट्रॅक्टरचं पुढचं सील पुन्हा गेलं. ट्रॅक्टर आता काकांकडे आहे. वडील नाहीत. मी सुट्टीला गावी गेलो होतो. काम करायला माझा एक माजी विद्यार्थी आला. शाळेत तो मागच्या बाकावर बसायचा, आता तालुक्याला ट्रॅक्टर दुरुस्ती करतो. त्याने पिशवीतून एक लांब स्टड काढला आणि म्हणाला, "सर, आता मी शिकवतो, तुम्ही बघा."

तो स्टड त्याने लेथवाल्याकडून ईएन-८ पोलादाच्या गजाचा करून घेतला होता. एका टोकाला इंजिनाच्या नाकातल्या आट्यांशी जुळणारे इंची आटे. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा इंची आटेच असतात, तिथे मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने घालू नये. दुसऱ्या टोकाला १६ मिलिमीटर व्यासाचे आणि २ मिलिमीटर अंतराचे आटे. अगदी शेवटी पाना धरायला दोन सपाट बाजू.

पद्धत सोपी आहे. स्टड हाताने नाकात पूर्ण फिरवायचा, तळाला टेकला की अर्धा फेरा मागे घ्यायचा. त्यावरून पुली नाकावर ठेवायची. पुलीच्या मधल्या जाड भागावर, म्हणजे हबवर, जाड वायसर. त्यावर छर्‍यांची थ्रस्ट बेरिंग, पुन्हा एक वायसर आणि मग नट. एका पान्याने स्टड धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. नट पुढे सरकतो, पुली आत जाते.

आता बळ किती पडतं ते काढू. पाना ०.३ मीटर लांब, हाताचा जोर २०० न्यूटन. पीळ म्हणजे टॉर्क किती?

२०० × ०.३ = ६० न्यूटन मीटर.

नटाने किती ढकलबळ मिळतं, यासाठी वर्कशॉपमध्ये एक सोपं सूत्र वापरतात : टॉर्क भागिले (०.२ गुणिले बोल्टचा व्यास). यातला ०.२ हा आकडा साध्या कोरड्या आट्यांमधल्या घर्षणासाठी ढोबळमानाने धरतात.

६० ÷ (०.२ × ०.०१६) = १८,७५० न्यूटन.

म्हणजे सुमारे १,९०० किलो! मनगटाच्या जोरावर जवळपास दोन टन.

इथे वर्गात नेहमी एक हात वर होतो. "सर, घणाचं बळ सोळा हजार आणि स्टडचं जवळजवळ एकोणीस हजार. मग स्टडने जास्त नुकसान व्हायला पाहिजे ना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि आजच्या पाठाचं सार याच उत्तरात आहे. बळ किती आहे यापेक्षा ते कुठून कुठे जातं हे महत्त्वाचं.

वहीत आकृती काढा. नट पुलीला मागे ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पुली नटाला तितक्याच बळाने पुढे ढकलते. नट स्टडला पुढे ओढतो आणि स्टड क्रँकला पुढे ओढतो. त्याच वेळी आत सरकणारी पुली घर्षणाने क्रँकला तितक्याच बळाने मागे रेटते. क्रँकवर पुढे १८,७५० आणि मागे १८,७५०. बेरीज शून्य. बळाची साखळी स्टड, नट, पुली, नाक आणि पुन्हा स्टड अशी गोल फिरून बंद होते. ती थ्रस्ट वायसरपर्यंत पोहोचतच नाही. दोन टनांचा दाब चालू असताना त्या चकतीला त्याची खबरही नसते.

घणाची साखळी बंद होत नाही. ती ब्लॉकमधून जमिनीपर्यंत जाते आणि वाटेतल्या प्रत्येकाला धक्का देते.

मूळ बोल्टनेच का ओढायचं नाही?

पुष्कळ जण स्टडच्या भानगडीत न पडता मूळ बोल्टच लावून आवळतात. पुली बाहेर असताना तो बोल्ट नाकात जेमतेम दोन-तीन आटे पकडतो. सगळा भार त्या दोन-तीन आट्यांवर येतो आणि ते निघून जातात. बोल्टचे गेले तर नवा बोल्ट मिळेल. पण नाकातले आटे गेले तर क्रँक बाहेर काढायची वेळ येते. निदान बोल्टच्या व्यासाइतके, शक्यतो दीडपट लांबीचे आटे आत गेलेले असावेत. १६ मिलिमीटरच्या बोल्टला १६ ते २४ मिलिमीटर. लांब स्टडला हे सहज जमतं. हार्डवेअरच्या दुकानातला नरम आटेवाला गज मात्र या कामाला वापरू नका. तो ताणला जातो आणि तुटला तर अर्धा आत राहतो.

आणखी एक गोष्ट. ०.३ मीटरच्या पान्याने एक फेरा मारला तर हात सुमारे १,८८५ मिलिमीटर प्रवास करतो आणि नट फक्त २ मिलिमीटर सरकतो. घर्षण नसतं तर बळ ९४२ पट झालं असतं. २०० न्यूटनचे १,८८,४०० झाले असते. आपल्याला मिळाले १८,७५०, म्हणजे दहावा हिस्सा. बाकी सगळं घर्षणाने खाल्लं. म्हणून आट्यांना ग्रीस लावायचं आणि नटाखाली छर्‍यांची बेरिंग ठेवायची. त्याच हातजोरात जास्त बळ मिळतं आणि वायसर पुलीला घासत नाही.

उकळत्या पाण्याची युक्ती

धातू गरम केला की पसरतो. भोक असलेली वस्तू गरम केली तर भोक लहान होतं की मोठं? बरेच जण लहान म्हणतात. उत्तर आहे, मोठं. कारण भोकाच्या कडेचा प्रत्येक भाग लांबीने वाढतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती याच नियमावर.

बिडासाठी प्रसरणाचा गुणांक सुमारे ०.००००११ प्रति अंश सेल्सियस आहे. पुलीचं भोक ४० मिलिमीटर, हवेचं तापमान ३० अंश, उकळतं पाणी १०० अंश. तापमानातली वाढ ७०.

४० × ०.००००११ × ७० = ०.०३०८ मिलिमीटर.

म्हणजे भोक ०.०३ मिलिमीटरने मोठं झालं. बसणी ०.०२ ची असेल तर क्षणभर पुली चक्क मोकळी होते. ०.०४ ची असेल तर पूर्ण मोकळी होणार नाही, पण बरंच काम हलकं होईल. नाकाला लागताच पुली थंड होऊ लागते, म्हणून हात चालता ठेवायचा.

गॅसकटरची ज्योत का नको? एकाच जागी ताप बसला तर बीड तडकू शकतं आणि पुली फार तापली तर नवं रबरी सील भाजतं. उकळत्या पाण्याचं तापमान १०० च्या वर जात नाही. पाणी स्वतःच राखणदार आहे. फक्त बाहेर काढल्याबरोबर पुली कोरडी पुसायची. काही इंजिनांच्या पुलीत हब आणि काठ यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तशी पुली तापवायची नाही आणि काठावर दाबायचीही नाही. दाब नेहमी हबवरच.

दहाव्या फेऱ्याला काय झालं

आता प्रत्यक्ष काम. चाकांना दगड लावले, बॅटरीची तार काढली, रेडिएटर बाहेर घेतला. पुली काढण्याआधीच विद्यार्थ्याने पुलीच्या पुढच्या तोंडापासून नाकाच्या टोकापर्यंतची खोली वर्नियरने मोजून ठेवली होती. ३ मिलिमीटर. नवं सील बसवलं, त्याच्या ओठाला ऑइल लावलं. हबवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवून पाहिलं. नख अडकलं असतं तर पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती. नाही अडकलं. बारीक पॉलिश पेपर फिरवून घेतला. नाकाची खाच साफ करून चावी बसवायचं काम माझ्याकडे होतं.

काकूंनी जुन्या पातेल्यात पाणी उकळलं, पुली त्यात वीस मिनिटं ठेवली. हातमोजे घालून ती नाकावर धरली. हाताने गेली तेवढी गेली आणि थांबली. खोली मोजली, ३७ मिलिमीटर. म्हणजे अजून ३४ मिलिमीटर आत जायचं होतं. एका फेऱ्याला २ मिलिमीटर, तर १७ फेरे. विद्यार्थ्याने खडूने टायमिंग कव्हरवर १७ लिहिलं.

सात, आठ, नऊ. नट एकसारखा चालला होता. दहावा फेरा अचानक जड झाला. त्याने पाना थांबवला.

काका बाजूला खाटेवर होते. म्हणाले, "अरे, चौदा मिलिमीटर तर राहिलं. दोन घाव घाल, बसेल."

विद्यार्थी म्हणाला, "आबा, आतापर्यंत हलकी जात होती. एकदम जड झाली म्हणजे कुठंतरी अडतंय. अडलेलं ठोकून बसत नसतं, मोडतं."

मलाही मोह झाला होता, खोटं कशाला सांगू? पुली परत काढायची म्हणजे पुलर लावा, पुन्हा पाणी उकळा. ऊन डोक्यावर आलं होतं. पण आकडा समोर होता. सात फेरे बाकी असताना जडपणा यायचं काही कारण नव्हतं.

पुलर लावून पुली काढली. पुलीच्या खाचेत ताजा चकचकीत ओरखडा होता आणि चावी मागच्या बाजूने वर उचलली गेली होती. चावीखालच्या खाचेत जुन्या सीलंटचा वाळलेला कडक खडा राहिला होता. साफसफाई कोणाकडे होती? माझ्याकडे. वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांकडे!

घण घातला असता तर चावीने पुलीचा हब फाडला असता, किंवा पुली वाकडी बसून नवं सील आठवड्यात गेलं असतं. खाच खरवडून काढली, कानशीने कड मारली, नवी चावी बसवली. ती नाकाला समांतर आहे की नाही हे पट्टी ठेवून पाहिलं. सील पुन्हा तपासलं. चावीच्या खाचेतून ऑइल झिरपू शकतं म्हणून तिथे सीलंटचा अगदी पातळ हात दिला. पुन्हा पाणी, पुन्हा पुली. या वेळी सगळे मोजत होते, काकूसुद्धा. सतराव्या फेऱ्याला नट ठाम थांबला. स्टड काढून खोली मोजली. ३ मिलिमीटर.

मूळ बोल्ट वायसरसह लावला. तो आवळताना क्रँक फिरू नये म्हणून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक धरला. टॉर्क किती द्यायचा तो आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा, आटे कोरडे ठेवायचे की ऑइल लावून तेही तिथेच पाहायचं. कारण ऑइल लावलं की त्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त पडतो. घर्षणाचा धडा इथेही लागू होतो.

मग गिअर न्यूट्रल करून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. पुलीच्या काठाजवळ तार धरून ती डुलते का पाहिलं. शेवटी डायल गेज लावून क्रँकची पुढे-मागे सरक मोजली. बऱ्याच इंजिनांत ती ०.१ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास चालते, नेमकी मर्यादा मॅन्युअल सांगतं. आमची आली ०.२२. कामाच्या आधीही ०.२२ च होती. चकतीला खरंच खबर लागली नव्हती.

ट्रॅक्टर चालू झाला. काकांनी क्लच दोनदा दाबून कान देऊन ऐकलं. टक् नाही. मग इंजिन बंद करून म्हणाले, "त्या साली ठोक म्हणणारा मीच होतो. तुझा बाप थांबलेला. तो म्हणत होता, उद्या बघू."

हे मला माहीत होतं. कंदील माझ्याच हातात होता. पण इतक्या वर्षांत ते काकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी एवढंच म्हणालो, "काका, तेव्हा आपल्याकडं कोणाला सांगायला येत होतं?"

म्हणून हा पाठ लिहिला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ट्रॅक्टर आहे, कोणी आयटीआयला जाणार आहे. सांगणारं कोणीतरी असावं.

लक्षात ठेवा

• काढण्याआधी खोली मोजा, बसवल्यावर तीच खोली यायला हवी.
• खाच, चावी आणि नाक डिझेलने धुऊन स्वच्छ करा. चावी नाकाला समांतर हवी.
• दाब हबवर द्या, काठावर कधीच नाही.
• लांब, मजबूत स्टड वापरा. मूळ बोल्टने ओढू नका.
• फेरे मोजा. मध्येच जड झालं तर थांबा, काढा, पाहा.
• हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. गरम पुलीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

स्वाध्याय

१. पुलीला २७ मिलिमीटर आत जायचे आहे. आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर असेल तर किती फेरे लागतील?
२. ५० मिलिमीटर व्यासाचे बिडाचे भोक ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवले. व्यास किती वाढेल?
३. २० मिलिमीटर व्यासाच्या स्टडवर ८० न्यूटन मीटर टॉर्क दिला. ढकलबळ किती मिळेल?
४. घणाने आणि स्टडने पुली बसवताना क्रँकवर काम करणाऱ्या बळांच्या दोन आकृत्या काढा. कोणत्या आकृतीत बळांची बेरीज शून्य येते? का?
५. तुमच्या घरी किंवा गावात घट्ट बसणीची आणखी दोन उदाहरणे शोधा आणि ती कशी बसवतात हे कारागिराला विचारून लिहा.

उत्तरे : १) १८ फेरे. २) ०.०३८५ मिलिमीटर. ३) २०,००० न्यूटन. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून आणा, वर्गात बोलू.